पिंजऱ्यातला उंदीर आणि माझा डावा हात

सुधाकर, डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “घरात कुणाला जन्मापासून काही?” आणि मी “नाही” म्हणालो.

तू जाऊन त्या दिवशी अकरा दिवस झाले होते. तू असतास तर तुझ्या धाकानं मी निदान गप्प बसलो असतो. तू गेलास आणि मी सरळ खोटं बोलायला मोकळा झालो.

जावई फौजेत, सध्या बॉर्डरला. म्हणून रेश्माबरोबर सांगलीत सोनोग्राफीला मी गेलो होतो. लेकीला पाचवा महिना संपत आलाय. बाहेर बाकावर बसून मी शेजारच्या एका आजींना माझ्या फजितीच्या गोष्टी सांगून हसवत होतो, तेवढ्यात आत बोलावणं आलं. रेश्मा खुर्चीत बसून ओढणीचं टोक पिळत होती. बाई पडद्याकडे बघत होत्या आणि बोलत नव्हत्या. बोलणारी बाई गप्प झाली की घाबरावं, एवढं मला संसारानं शिकवलंय. पण ही गप्प बसायची तऱ्हा वेगळी होती.

“मेंदूचे दोन अर्धे असतात,” बाई म्हणाल्या. “त्यांना जोडणारा मध्ये एक पूल असतो. तो मला दिसायला हवा तसा दिसत नाहीये. बाळ आडवं आहे, त्यामुळे आज मी ठाम काही सांगत नाही. एमआरआय करू. नुसता पूलच नसेल आणि बाकी सगळं नीट असेल, तर पुष्कळ मुलं छान वाढतात. पण जोडीला आणखी काही असेल तर...”

त्या ‘तर’पाशी बाई थांबल्या, सुधाकर, आणि मी अजून तिथंच उभा आहे.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. मी “नाही” म्हणालो. रेश्मा भोळेपणानं म्हणाली, “आप्पांचा डावा हात हलतो आपोआप. पण ते विहिरीवरच्या मोटारीचा शॉक बसला होता म्हणून.” बाईंनी माझ्याकडे बघितलं. माझ्या उजव्या हातात फाईल होती, ती मी घट्ट धरली. डाव्या हातात काहीच नव्हतं, ते त्यानंही घट्ट धरलं.

“शॉकनं?” बाई म्हणाल्या.

“व्हय,” मी म्हणालो. “लई मोठा बसला हुता.”

हे तुला सांगायचं होतं. दुसऱ्या कुणाला सांगणार? या हाताचं खरं माहीत असलेली माणसं, तुझ्या घरी विमलवहिनी सोडल्या तर, जगात मोजून तीन होती. माझे वडील गेले. तू गेलास. तिसरा मी, आणि माझ्यावर विश्वास ठेवायचे दिवस आता राहिले नाहीत.

हा हात पहिल्यांदा ओळखलास तूच. कोरेगावच्या शाळेत तू माझ्या डाव्या बाजूला बसायचास. मी उजव्या हातानं पाटीवर लिहायचो आणि मांडीवर ठेवलेली डाव्या हाताची बोटं तीच अक्षरं उलट बाजूनं गिरवायची. माझ्या बोटांवरून तू गणिताची उत्तरं उतरवून घेतलीस असं तू जन्मभर सांगत आलास. खोटं आहे. माझी उत्तरंच चुकायची, तू पास व्हायचास. पण गंमत म्हणून मी ते चालवून घेतलं, कारण बाकीच्या पोरांसारखा तू माझ्या हाताला हसला नाहीस. तू नुसता बघत बसायचास. तेव्हाही.

आमच्या गोठ्यात तुला मी म्हैस पिळून दाखवली होती, आठवतं? धार काढायची म्हणजे एक हात दाबणार, एक सोडणार, आलटून पालटून. माझे दोन्ही हात एकदम दाबणार आणि एकदम सोडणार. म्हशीला ते पसंत नव्हतं. तिनं मला बादलीसकट गव्हाणीत पोचवलं, आणि तू मला उचलायचं सोडून विचारलंस, “नाम्या, डावा दाबताना उजवा थांबवून बघितलास का रं?”

“थांबवला आसता तर हितं पडलो आसतो का?”

“न्हाई, पण प्रयत्न केलास का?”

मग साताऱ्याचा तो एन.सी.सी.चा कॅम्प. आमच्या भावकीत घरटी एक फौजी, त्यामुळे मी फौजी होणार हे माझ्या जन्माआधी ठरलेलं. दोरावर चढायचं होतं. अर्ध्यावर गेलो आणि वरचा दोर धरायला उजवा हात सोडला. डाव्यानंही सोडला. मी थेट हवालदाराच्या अंगावर उतरलो. तो ओरडला, “दोनों हाथ क्यों छोड़े?” मी ताठ उभा राहून म्हणालो, “सर, एकच सोडला होता.” अख्खा कॅम्प हसला. पुढं मी फौजेत न जाता हायस्कुलात भूगोलाचा मास्तर झालो. देश तेवढाच सुरक्षित राहिला.

या गोष्टी मी चाळीस वर्षं सांगतोय. लग्नात, बारशात, शाळेच्या गॅदरिंगला. लोक पोट धरून हसतात. हसवता हसवता कुणी “हे असं का होतं?” असं विचारूच नये, याची ती सोय होती. हे तुझ्याशिवाय कुणाला कळलं नाही.

मोटार कुठून आली तेही तुझ्यासमोरचंच. कवठे महांकाळकडे कुसुमला बघायला गेलो, तेव्हा मित्र म्हणून तू बरोबर होतास. पोहे झाले, चहा आला. उजव्या हाताच्या चिमटीत कपाचा कान धरला, तशी डाव्या हातानंही चिमूट आवळली. बशी तिरकी झाली आणि चहा कुसुमच्या मामांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर. मामा शांतपणे म्हणाले, “पाव्हणं, हाताला काय झालंय?”

घरी माझी धाकटी बहीण लग्नाची होती. ‘जन्मापासून आहे’ म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न ‘आणि कुणाला हाय?’ हा आला असता. आमच्या वडिलांचा डावा हात जन्मभर उपरण्याखाली राहिला. गावाला वाटायचं पाटील लई रुबाबात असतात. रुबाब कसला, उजव्या हातानं विडा बनवताना डावा हात उपरण्याखाली दुसरा विडा बनवत असायचा. ‘घराण्यात खोट हाय’ एवढं एक वाक्य त्या खोलीतून निघालं असतं, तर ते माझ्याआधी कोरेगावला पोचलं असतं.

म्हणून मी म्हणालो, “विहिरीवरच्या मोटारीचा शॉक बसला.” आणि मामा हळहळले, तसा मला चेव आला. मी आठ फूट लांब उडालो. तारेवरचा कावळा मेला. तू मान खाली घालून बशीतले शेंगदाणे निवडत होतास. परतीच्या एस.टी.त वाठारचा फाटा येईपर्यंत तू एक शब्द बोलला नाहीस. मग म्हणालास, “मोटारीचं मी समजू शकतो. कावळा कशाला मारलास?”

कुसुम पस्तीस वर्षं त्या मोटारीला शिव्या देतेय. पावसाळ्यात मला स्विचला हात लावू देत नाही.

आणि मग पुण्याहून तुझा तो फोन. तू तिथं प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूवर काम करत होतास. मला एवढंच माहीत होतं की माझा शाळूसोबती शिकून शिकून उंदरांपर्यंत पोचला. फोनवर तू खुशीत हॅलो म्हणायचंही विसरलास.

“नाम्या, आज पिंजऱ्यात तू दिसलास मला.”

“काय म्हणतोस?”

“एक उंदीर हाय. मागचे दोन्ही पाय एकदम टाकतो. सशागत उड्या मारत चालतो गड्या. एक पाय उचलला की दुसरा आपसूक उचलतो. मला तुझी म्हैस आठवली.”

मी फोन ठेवला आणि दोन महिने तुझ्याशी बोललो नाही. मित्रानं मित्राला उंदीर म्हणावं, ठीक आहे. पण तो म्हणताना त्याला आनंद व्हावा?

तुझा आनंद कसला होता ते मला पुढं सांगलीत कळलं. तू तिथल्या कॉलेजात शिकवायला आलास आणि एका रविवारी मला तुझ्या खोलीत नेऊन सूक्ष्मदर्शकापुढे बसवलंस. काचेवर उंदराच्या न जन्मलेल्या पिल्लाचा मेंदू होता, नखाच्या पापुद्र्याएवढा काप. मला आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मी त्यांचं कौतुक केलं. तू माझी मान धरून सरळ केलीस. मग दिसले ते हिरवे धागे, कडेनं निघून मधल्या रेषेकडे वळलेले.

“ह्या धाग्यास्नी नकाशा न्हाई,” तू म्हणालास. “डोळं न्हाईत. वाट दाखवायला कोण न्हाई. धाग्याच्या टोकाला बोटं असत्यात बारकी, ती चाचपत पुढं जात्यात. त्या बोटांच्या कातडीवर रिसेप्टर. रिसेप्टर म्हणजे नाक समज. मधल्या रेषेवरच्या पेशी वास सोडत्यात. ज्याच्या अंगावर त्या वासाचं नाक हाय, तो तिकडं वळतो.”

“राजवाड्यावर कंदी पेढ्याच्या वासानं मी वळतो तसा.”

“तसाच. पण वळून तिथंच बसला तर काय उपयोग? पलीकडं जायला पायजे. म्हणून त्याच्याकडं दुसरं एक नाक असतं, ते आधी आत दडवून ठेवलेलं. रेघ ओलांडली की ते वर येतं. मग जी रेघ बोलवत हुती, तीच त्याला ढकलती. परत मागं फिरू देत न्हाई.”

मी म्हणालो, “म्हणजे लग्नाआधीची सासुरवाडी आणि लग्नानंतरची.”

तू इतका हसलास की चष्मा काढावा लागला. पुढं तू ते दरवर्षी वर्गात सांगायचास, आणि ‘कोरेगावच्या एका भूगोलतज्ज्ञाचं मत’ म्हणून सांगायचास, हे मला विमलवहिनींनी परवा सांगितलं. मला ठाऊक नव्हतं, सुधाकर. मी तुझ्या वर्गात इतकी वर्षं हजर होतो म्हणायचं.

मग तू हसायचा थांबलास आणि माझा डावा हात टेबलावर घेतलास. “आता ऐक. हे पहिलं नाक बनवायची कृती आईकडनं एक येती, बापाकडनं एक. त्यातली एक बिघडलेली आसंल तर नाकं कमी पडत्यात. काही धागे रेघ ओलांडत न्हाईत, आहे त्याच बाजूनं खाली उतरत्यात. मग उजव्या हाताला दिलेला हुकूम डाव्यालाबी पोचतो. तुझं आसंच आसंल असं मला वाटतं. रक्त तपासल्याबिगर मी छातीठोक सांगणार न्हाई. पण तुझ्या वडलांचा हात मी बघितलाय.”

त्या दिवशी मी तुझ्यावर खरा खूश होतो. माझा हात भूतबाधा नव्हता, पाप नव्हता, वेंधळेपणा नव्हता. आईच्या पोटात असताना माझे काही धागे रस्ता चुकले होते, बस्स. तो हात घेऊन मी आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या घरी उघडपणे जेवलो. डावा हात ताटाशेजारी रिकामा घास चिवडत होता. वहिनी नुसत्या म्हणाल्या, “त्यालाबी वाढू का?”

पण तू तिथं थांबला असतास तर तू सुधाकर कसला! रेश्माचं लग्न ठरलं, तेव्हा तू मला तुझ्या गॅलरीत बसवलंस आणि म्हणालास, “आता पोरीला सांग.”

“काय सांगू?”

“खरं. हे पुढं जायची शक्यता निम्मी हाय. तिच्याकडं आली आसंल तर तिच्या पोरांकडं जाईल. आणि दर येळी हातावरच भागतं आसं न्हाई. कुणाला हात, कुणाला दोन अर्ध्या मेंदूंमधला पूलच बनत न्हाई, कुणाला दोन्ही, कुणाला कायच न्हाई. तिला भिववायचं न्हाई नाम्या. तिला म्हाईत पायजे, इतकंच.”

मी म्हणालो, “लग्न मोडंल.”

“न्हाई मोडणार. मोडलं तर ते घर तिच्या लायकीचं न्हवतं.”

“तू बोलतोस सोपं. खोट लागंल घराण्याला.”

तेव्हा तू उठून उभा राहिलास. तुझा आवाज चढला नाही, तो कधीच चढायचा नाही. “जन्मावरनं खोट काढणारी माणसं मी बालवाडीपासनं बघतोय, नाम्या. तुझ्याच आळीत बघितली. तुमच्या रांजणाला माझा हात लागू नये म्हणून तुझी आजी वरनं पाणी वतायची. मी तिला कधी काय बोललो न्हाई. पण तू आता तेच स्वतःच्या लेकीवर करायला निघालास. रिसेप्टर म्हणजे घराण्याची अब्रू न्हवं. ती एक पेशीवरची वस्तू हाय.”

उत्तर नसलं की माझ्यासारखा माणूस काय करतो? हातात येईल ते फेकून मारतो. मी म्हणालो, “तुला लेक न्हाई म्हणून बोलतोस.”

ते मी बोललो. तुमच्या घरात, तुमचाच चहा पीत. तू खाली बसलास. आत भांड्यांचा आवाज थांबला. मग तू म्हणालास, “चहा गार झाला तुझा,” आणि मी तो गार चहा प्यालो आणि स्टेशनावर गेलो.

मी माफी मागितली नाही. मनात ठरवलेली होती. लग्नात मागू म्हटलं. लग्नात तू पहिल्या रांगेत बसलास, मला बघून हात केलास, आणि मी आचाऱ्याला ओरडायला निघून गेलो. दिवाळीत मागू म्हटलं. मग रेश्माला दिवस गेल्याचं कळलं आणि तुझा फोन आला. “नाम्या, अभिनंदन. आता तरी बोल रं तिच्याशी. अजून सुरुवात हाय. डॉक्टरला आधीच म्हाईत आसलं की...”

मी म्हणालो, “हॅलो. हॅलो. आवाज येत न्हाई. नेटवर्क न्हाई हितं.”

कोरेगावात, बाजारपेठेत, टॉवरच्या खाली उभा राहून. तुला आवाज स्पष्ट येत असणार, कारण तू थोडा वेळ थांबलास आणि म्हणालास, “बरं, नंतर कर.” आपलं शेवटचं बोलणं ते. तुझ्याशी बोललेले माझे शेवटचे शब्द ‘नेटवर्क न्हाई’ हे आहेत. ही फजिती मी कुठल्या बारशात सांगू?

त्या दिवसांत मी काय करत होतो ते तुला सांगतो. तुझ्याच कॉलेजातल्या मुलांना तू शिकवायचास की मधला पूल बांधणारे धागे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात निघतात. नेमक्या त्या दिवसांत मी महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घेऊन रेश्माकडे जात होतो. ती खायची आणि मी तिला म्हशीची गोष्ट सांगायचो. ती हसून हसून पोट धरायची. त्या पोटात तेव्हा, नकाशा नसलेले, डोळे नसलेले ते धागे अंधारात चाचपत रेषेकडे निघाले होते. त्यांच्या बोटांवर पुरेशी नाकं होती की नव्हती? आणि कमी पडली असतील, तर ती कृती माझ्याकडून गेली, माझ्या बापाकडून माझ्याकडे आली तशी. मी गोष्ट सांगत होतो, सुधाकर. माझी सगळ्यात जुनी, हमखास हशा घेणारी गोष्ट.

तेव्हापासून मला एक भीती बसली आहे आणि ती उठत नाही. ओलांडायचं ते ओलांडून झालंय. ते धागे पोचले असतील तर पोचलेत, वळले नसतील तर वळले नाहीत. आता फक्त आपण बघायचं राहिलंय. गुरुवारी, एमआरआयमध्ये. मी भूगोलाचा मास्तर, नदी कुठून कुठं जाते ते झोपेतही सांगतो. आणि लेकीच्या पोटात एक वितीचं अंतर आहे, तिथलं मला काही कळत नाही. ज्याला कळायचं तो माणूस मी नेटवर्क न्हाई म्हणून तोडला.

तुझ्या पुण्यानुमोदनाला मला बोलायला सांगितलं. वंदना झाली, त्रिसरण-पंचशील झालं, तुझ्या विद्यार्थ्यांचे डोळे लाल, आणि मी उभा राहिलो. मी सगळं सांगितलं. पाटी सांगितली, गव्हाण सांगितली, हवालदार सांगितला. लोक रडता रडता हसले. रेश्मा तिसऱ्या रांगेत होती. तिच्यासमोर म्हणून उंदराची गोष्ट तेवढी गाळली. खाली बसलो तेव्हा मला वाटलं, छान झालं भाषण. निघताना विमलवहिनींनी मला दारात गाठलं.

“भावजी, उंदराचं न्हाई सांगितलंसा.”

मी म्हणालो, “विसरलो.”

“त्ये दर महिन्याला मला इचारायचे, बोलला आसंल का गं नाम्या पोरीशी? मी म्हणायची, बोलला आसंल. आता मला खोट्यात पाडू नका.”

तरीही दोन दिवसांनी मी त्या केबिनमध्ये ‘नाही’ म्हणालो. हे मी परत लिहितोय, कारण मला ते अजून खरं वाटत नाही. भीती माणसाला शहाणं करते असं मला वाटायचं. मला तिनं नुसतं चपळ केलं. प्रश्न पुरा व्हायच्या आत माझं खोटं तयार होतं.

काल सकाळी मी वहिनींकडे गेलो. सांगितलं की तुझं कपाट बघायचं आहे, त्यात या पुलाबद्दल काही लिहिलेलं सापडतं का. खरं म्हणजे कुणीतरी मला सांगावं, की घाबरू नको, म्हणून गेलो होतो. सोनोग्राफीचं सांगितलं. ‘नाही’ म्हणाल्याचंही सांगितलं. वहिनी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “कपाट उघडून काय हुणार भावजी? त्यातलं आपल्या दोघांस्नीबी कळणार न्हाई. तुमी तोंड उघडा.”

मी म्हणालो, “वहिनी, त्या दिवशी गॅलरीत मी जे बोललो...”

“ऐकलंय मी.”

“चुकलो.”

“त्यांनी दुसऱ्या दिवशीच टाकून दिलं ते,” वहिनी म्हणाल्या. “मी न्हाई टाकलं.” आणि त्यांनी माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

माफी ही अशी असते हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, मागितली की मिळते.

तिथून चालत रेश्माकडे गेलो. कुसुम तिथंच राहायला आलीय. ती भाजी आणायला बाहेर पडली होती. बरं झालं, एका वेळी एकच. रेश्मा पलंगावर पाय लांब करून बसली होती, पोटावर हात. अलीकडे तिचा हात तिथंच असतो. मी उभ्या उभ्या सुरुवात केली आणि सवयीनं म्हशीपासून केली.

“आप्पा, ही सांगून झालीय,” ती म्हणाली.

“ही न्हवं गं. हिच्याम्होरलं राहिलंय.”

आणि मी सांगितलं. मोटार नव्हती. कावळा नव्हता. तिचे आजोबा उपरण्याखाली काय लपवायचे. पिंजऱ्यातला उंदीर. नाकं, रेघ, पूल. सुधाकाका काय म्हणाला, कधी म्हणाला, आणि मी काय केलं. तुझं वाक्यन् वाक्य सांगितलं, सुधाकर, तुझ्याच शब्दांत. मला वाटलं नव्हतं मला इतकं पाठ असेल. गॅलरीतलंही सांगितलं. नेटवर्कचंही.

ती रडली नाही. तिनं एकच विचारलं, “काकांना वाटत होतं मला आधी कळावं?”

“व्हय.”

“आणि तुम्हाला वाटत होतं कळू नये.”

“मला वाटत हुतं, तुला काय होऊच नये.”

तिनं फोन उचलला, डॉक्टरीणबाईंना लावला, आणि माझ्या हातात दिला. मी बोललो. जन्मापासून आहे म्हणालो. वडिलांनाही होतं म्हणालो. शॉक खोटा म्हणालो. पलीकडे बाई म्हणाल्या, “सांगितलंत ते बरं केलंत. गुरुवारी तुम्हीही या, तुमचंही रक्त घेऊ. कारण सापडलं तर पुढचं बरंच सांगता येतं. पण आधी चित्र बघू. घाबरू नका.” त्या घाबरू नका म्हणाल्या, तशी माझी उरलीसुरली हिंमतही गेली.

फोन ठेवला. रेश्मानं सरकून मला जागा दिली आणि म्हणाली, “हात दाखवा.”

मी डावा हात पुढं केला. तिनं तो दोन्ही हातांत गच्च धरला. “आता उजव्या हाताची मूठ वळा. सावकाश.” मी वळली. तिच्या हातात माझी डावी बोटं वळायला लागली. तिनं जोर लावून धरून बघितलं, थांबली नाहीत. मी मूठ उघडली, ती उघडली. तिनं परत करायला लावलं. चार वेळा, पाच वेळा. ती तुझ्यासारखीच बघत होती, सुधाकर, हसत नव्हती. लहानपणी तिला कडेवर घेऊन हिंडायचो तेव्हासुद्धा हा हात मी तिच्या नजरेआड धरायचो.

मी रडायला लागलो. म्हणालो, “पोरी, माझ्यामुळं झालं आसंल तर मी काय करू? गुरुवारी काय दिसंल? मला लई भ्या वाटतंय गं.”

“मलापण वाटतंय,” ती म्हणाली. हात तिनं सोडला नव्हता. मग ओढणीनं आधी स्वतःचं नाक पुसलं, नंतर माझं.

“बाळाच्या डोक्यात काय न्हाई ते गुरुवारी कळंल, आप्पा. तुमच्या डोक्यात काय न्हाई ते मला आजच कळलं.”